यूएसबी ड्राइव्ह आणि फाइलींची मालकी

लिनक्स प्रणालीच्या संगणकात यूएसबी ड्राइव्ह खोचली की क्षणार्धात तिचे चिन्ह पडद्यावर उमटते. ड्राइव्ह ओळखून फाइलींच्या व्यवस्थेत जोडण्याचे हे काम बहुधा ‘यूडिस्क्स’ नावाची सेवा आपोआप करते. तथापि, कधी कधी फाइल वाचता येते, पण तीत लिहू गेल्यास ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. ही परवानगी कोठे नोंदलेली असते, हे आपण या पाठात पाहू.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीची रचना सुरू झाली. तिच्यात एकच यंत्र अनेकांनी वापरावयाचे असल्यामुळे प्रत्येक फाइलीच्या संदर्भात मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग ठरविण्यात आले. वाचण्याच्या अधिकारास ४, लिहिण्याच्या अधिकारास २ व चालविण्याच्या अधिकारास १ असे अंक आहेत; फोल्डरच्या बाबतीत शेवटचा अधिकार म्हणजे आत प्रवेश करणे होय. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सने हीच पद्धत स्वीकारली. ७५५ या संख्येचा अर्थ असा की, मालकास सर्व अधिकार (४+२+१), आणि गटास व इतरांस केवळ वाचन व प्रवेश (४+१).

आता ड्राइव्हकडे वळू. पुष्कळ ड्राइव्हवर ‘फॅट’ जातीची मांडणी असते. तीत मालकाचे नाव नोंदण्यास जागाच नसते. म्हणून जोडणीच्या वेळी संगणक सर्व फाइलींना एकच मालक कल्पितो. तो म्हणजे ड्राइव्ह जोडणारा वापरकर्ता. ७७७ मधून कोणते अधिकार काढून घ्यावयाचे, हे ‘मास्क’ नावाची संख्या सांगते. मास्क ०२२ असल्यास फोल्डरला ७५५ अधिकार मिळतात. मागाहून एखाद्या फाइलीचा मालक बदलू पाहणे येथे व्यर्थ होय. ड्राइव्ह सोडवून, निराळा मास्क देऊन ती पुन्हा जोडावी लागते.

‘एक्स्ट ४’ मांडणीत मात्र मालकाची नोंद ड्राइव्हवरच असते. परंतु ती नावाने नव्हे, तर क्रमांकाने. समजा, शाळेत एका विद्यार्थिनीचा क्रमांक १००१ आहे आणि घरच्या संगणकावर तिचा क्रमांक १००० आहे. शाळेत लिहिलेला तिचा निबंध घरी तिला बहुधा वाचता येईल, पण दुरुस्त करता येणार नाही. उलट, घरी १००१ हा क्रमांक तिच्या भावाचा असेल, तर संगणक त्यालाच निबंधाचा मालक समजेल! येथे जोडणी बदलून भागत नाही. संगणकाच्या व्यवस्थापकाने फाइलींची मालकीच बदलावी लागते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. परवानगीचा अंमल करणारा पहारेकरी ड्राइव्हमध्ये नसून संगणकात असतो. ड्राइव्ह हरवली आणि दुसऱ्याने ती स्वतःच्या संगणकास जोडली, तर तेथील व्यवस्थापक तोच असल्यामुळे कोणतीही परवानगी त्यास अडवू शकत नाही. म्हणून परवानगी एकाच यंत्रावरील सहकाऱ्यांच्या सोयीसाठी वापरावी. गुणपत्रके, वाचकांचे पत्ते यांसारखी खाजगी माहिती बाहेर न्यावयाची असल्यास सर्व ड्राइव्ह सांकेतिक लिपीत बंद करावी; मग संकेतशब्दावाचून ती कोठेही उघडणार नाही.