वर्तुळांचा खेळ रंगेल कसा?

प्रश्न : आठवीसाठी मी वेन आकृत्यांचा खेळ केला आहे, पण मुलांना तो चाचणीच वाटतो. काय बदलू?

उत्तर : नियम आधी सांगू नका. अंगणात खडूने एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे आखा. बाहेरची जागा धरून आठ घरे होतात. प्रत्येक वर्तुळाचा नियम एकाच मुलाला ठाऊक असावा : नावात जोडाक्षर, हातात घड्याळ, असे काहीही. बाकीचे ‘माझे घर कोणते?’ विचारत उभे राहतील आणि नियम ओळखतील. गोंधळ होईल, होऊ द्या.

पुढची पायरी लुईस कॅरलकडून घ्या. ‘ॲलिस’ लिहिणारा हा गणिती. ‘द गेम ऑफ लॉजिक’ या त्याच्या पुस्तकासोबत पट आणि सोंगट्या होत्या. लाल सोंगटी म्हणजे ‘इथे काहीतरी आहे’, करडी म्हणजे ‘घर रिकामे’. सोंगटीच नसेल तर अजून माहीत नाही. खरी गंमत या तिसऱ्या शक्यतेत आहे. 2 ने आणि 4 ने भाग जाणाऱ्या संख्यांची वर्तुळे द्या; कायम रिकामे राहणारे घर कारणासह दाखवेल त्याला दुप्पट गुण.

वेळ मोजणारे घड्याळ लावत असाल, तर ते मात्र काढून टाका. तुमच्या खेळाची चाचणी बहुधा त्यानेच केली आहे.