अर्धशिशी आणि नैराश्यावरील औषधे

नैराश्याच्या विकारावर औषध सुरू झाल्यानंतर काही रुग्णांना डोकेदुखी जडते. ज्यांना पूर्वीपासून अर्धशिशी आहे, त्यांच्यापैकी काहींचे झटके वाढतात. अशा वेळी गोळ्यांना दोष देऊन त्या परस्पर बंद करण्याकडे रुग्णाचा कल होतो. नैराश्य हा जिवावर बेतू शकणारा विकार असल्यामुळे असा निर्णय घातक ठरण्याचा संभव असतो. म्हणून औषध आणि डोकेदुखी यांचा संबंध नेमका कसा आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन विकारांतील दुवा

अर्धशिशीत बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठणका लागतो, मळमळते, उजेड व आवाज सहन होत नाहीत. उपचार न केल्यास झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. अर्धशिशी असलेल्यांत नैराश्याचे आणि नैराश्य असलेल्यांत अर्धशिशीचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे औषध घेणाऱ्यास डोकेदुखी झाली, एवढ्यावरून ती औषधामुळेच झाली असे ठरत नाही.

दोन्ही विकारांच्या अभ्यासात सिरोटोनिन या रसायनाचा उल्लेख वारंवार येतो. मेंदूतील पेशी परस्परांना संदेश देताना त्याचा उपयोग करतात. रक्तवाहिन्यांवरही त्याचा परिणाम होतो. १९६१ साली इटलीतील सिकुतेरी यांनी असे दाखविले की, अर्धशिशीच्या झटक्यात सिरोटोनिनच्या विघटनातून होणारा पदार्थ लघवीवाटे अधिक प्रमाणात बाहेर पडतो. १९६७ साली ऑस्ट्रेलियातील लान्स व त्यांच्या सहकाऱ्यांना झटक्याच्या वेळी रक्तातील सिरोटोनिन घटलेले आढळले.

या संशोधनाचा एक धागा आपल्या सर्पगंधेपर्यंत पोहोचतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली या वनस्पतीच्या रक्तदाबावरील गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली तिच्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रिसर्पिनमुळे पेशींतील सिरोटोनिनचा साठा रिता होतो. ते टोचल्यावर अर्धशिशीच्या रुग्णांत डोकेदुखी उद्भवल्याचे दिसून आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आल्याच्याही नोंदी झाल्या. सिरोटोनिनच्या पातळीतील फेरबदल डोकेदुखीस कारण होऊ शकतो, या विचारास त्यामुळे बळ मिळाले. मात्र या एकाच रसायनाने दोन्ही विकारांचा पूर्ण उलगडा होत नाही.

निरनिराळी औषधे, निरनिराळे परिणाम

नैराश्यावरील सर्व औषधे एका मापाने मोजता येत नाहीत. स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलँड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला. त्याच कुळातील अमिट्रिप्टिलिन हे औषध रात्री अल्प मात्रेत दिल्यास अर्धशिशीचे झटके कमी होतात, आणि त्यासाठी ते आजही दिले जाते. म्हणजे नैराश्यावरचे एक औषध अर्धशिशीला आवर घालते.

दुसऱ्या गटाची कथा उलट आहे. मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला रोखणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना अकस्मात अतितीव्र डोकेदुखी होई. पत्नीला चीज खाल्ल्यावर असा त्रास होतो, ही गोष्ट इंग्लंडमधील एका औषधनिर्मात्याच्या ध्यानात आली व त्याने ती कळविली. बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ साली या संबंधाचा छडा लावला. मुरवलेल्या चीजमधील टायरामिन एरवी शरीरात निकामी होते. या औषधांमुळे ते तसे न होता रक्तदाब धोकादायक चढतो. ही अर्धशिशी नव्हे. हे तातडीचे संकट होय. घरातल्या माणसाने लक्षपूर्वक केलेली नोंद किती मोलाची असते, हेही यावरून दिसते.

तिसरा गट फ्लुओक्सेटिनसारख्या औषधांचा. अमेरिकेत त्यास १९८७ साली मान्यता मिळाली. पेशीबाहेर आलेले सिरोटोनिन पुन्हा आत ओढले जाण्याची क्रिया ही औषधे रोखतात. यांच्या दुष्परिणामांत डोकेदुखीची नोंद आहे. ती बहुधा आरंभीच्या दिवसांत होते आणि काही आठवड्यांत ओसरते. परंतु तुलनेसाठी निष्क्रिय गोळी दिलेल्या रुग्णांतही अशी तक्रार पुष्कळ आढळते, हे विसरू नये. याउलट, औषध एकाएकी थांबविल्यानेही डोकेदुखी, चक्कर व अस्वस्थता उद्भवते.

रुग्णाने काय करावे

कारण ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे साधी वही. झटक्याची तारीख व वेळ, औषध सुरू केल्याचा वा मात्रा बदलल्याचा दिवस, झोप, जेवणातील खंड, स्त्रियांनी मासिक पाळी, आणि घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांची तीत नोंद ठेवावी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असे काही महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. तेव्हा दोष नैराश्यावरील औषधाचा नसून दुसऱ्याच गोळीचा असतो.

अर्धशिशीवर सुमाट्रिप्टान वर्गातील औषध घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. या दोहोंच्या संयोगाविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली इशारा दिला होता. पुढील अभ्यासांत हा धोका अत्यंत विरळ असल्याचे दिसले. तरीही ताप, थरथर, घाम व गोंधळलेपणा एकत्र दिसल्यास विलंब करू नये. एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, मान ताठणे, हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे या लक्षणांतही तत्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी करणे, औषध घेण्याची वेळ बदलणे, किंवा दोन्ही विकारांस उपयोगी पडेल असे दुसरे औषध देणे, असे अनेक मार्ग त्यांच्यापाशी असतात. औषध बंद करणे आवश्यकच ठरले, तर ते त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे. डोकेदुखी निमूटपणे सोसणे जसे अनावश्यक, तसेच तिच्या धास्तीने मनाचा उपचार अर्ध्यावर सोडणेही अहितकारक होय.