नंबर लागेपर्यंत

चि. निखिल यास,


गुरुवारची डॉक्टरांची वेळ मिळाली म्हणून आनंद झालाय आणि त्याच आनंदात घशाखाली घास उतरत नाही म्हणतोस. फोनवर तू नुसता ‘हो, हो’ करतोस, म्हणून लिहिते. माझी सगळी नोकरी ओपीडीत गेली, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे.

त्या दिवशी तुला कुणी हार्मोनचं इंजेक्शन टोचणार नाही. पहिली भेट बहुतेक बोलण्यातच जाते. मनोविकारतज्ज्ञ विचारतील, आपण मुलगा आहोत हे कधीपासून जाणवतंय, घरी कुणाला ठाऊक आहे, झोप कशी लागते, जिवाचं बरंवाईट करावंसं कधी वाटलं का. ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, प्रश्न आहेच, ‘मग मनाच्या डॉक्टरकडे कशाला?’ तिला सांग, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जन्माचं लिंग आणि मनातली ओळख न जुळणं हे मनोविकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलंय. वेड ठरवायला नाही, तर नीट समजून घेऊन पुढचं ठरवायला तिथे बसायचं. पुढे एंडोक्रायनॉलॉजिस्ट रक्त तपासतील. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढून रक्त दाट होऊ शकतं, म्हणून आधीचा आकडा हाताशी लागतो.

तुझी खरी धास्ती वेगळी आहे, ‘त्यांना पटलंच नाही तर?’ त्यापायी मोबाईलवर दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकून उत्तरं पाठ करत असशील, तर ते आजच थांबव. लहानपणी तू माझ्याकडे तासन्‌तास भातुकली खेळायचास, तेही आवडीने. ते लपवायचं काय कारण? शंका असतील त्याही सांग. शंका काढणाऱ्या पेशंटला डॉक्टर परत पाठवत नाहीत, उलट त्याच्याशी बोलणं सोपं जातं. औषधाचे परिणामही आधीच समजून घे. टेस्टोस्टेरॉनने आवाज एकदा खाली उतरला की औषध सोडलं तरी पूर्वीसारखा होत नाही. थांबलेली पाळी मात्र बहुधा परत सुरू होते. पुढे मूल हवंसं वाटेल का, स्त्रीबीजं जपून ठेवायची का, हे औषध सुरू करायच्या आधी विचारायचं असतं. उत्तर त्याच दिवशी द्यावं लागत नाही.

आणि केस पेपर. त्यावर आधारवरचं जुनं नाव येणार, आणि नंबर आला की ते नाव भर कॉरिडॉरमध्ये पुकारलं जाणार. अख्खा बाक वर बघतो, उठणाऱ्याकडे बघतो आणि मग कुजबुजतो. मी हे पाहिलंय, म्हणून तुझ्या पोटातला गोळा मला कळतो. खिडकीवर गर्दी नसताना हळू आवाजात सांग, ‘सिस्टर, आडनावानं हाक मारा.’ बहुतेक जणी ऐकतात. एखादी खेकसलीच, तर तेवढ्यापुरतं कानाआड कर. आपलं काम आतल्या खोलीत आहे.

बाइंडर त्या दिवशी सैल घाल. छाती आवळलेली असली की श्वास पुरत नाही आणि माणसाला वाटतं भीतीच वाढली. प्रेशर जास्त निघालं तर घाबरू नकोस, दवाखान्यात पुष्कळांचं वाढतं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटं न बोलता बस आणि पुन्हा मोजायला सांग. श्वास घेताना तीनपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत. हे बाकावर बसल्याबसल्या जमतं आणि कुणाला कळतही नाही.

‘यातून तुला बरा करतो’ असं कुणी म्हणालंच, तर फाईल उचलायची आणि बाहेर यायचं. असले उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय.

ताई येत नाही म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस, तिला अजून वेळ लागेल. मी बुधवारी संध्याकाळच्या एसटीने येते. आत मात्र तू एकटाच जायचंस. घरच्यांसमोर माणूस अर्धंच बोलतो. आत काय बोललास ते मी विचारणार नाही आणि जिवाला धोका किंवा कायद्याने सांगितलेली तशी मोजकी कारणं नसतील तर डॉक्टरही तुझ्या संमतीशिवाय कुणाला सांगू शकत नाहीत, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाच तसा आहे.

रक्त उपाशीपोटी घेणार का, ते उद्या फोन करून विचारून ठेव. त्यावरून डब्यात काय आणायचं ते मला ठरवता येईल.

तुझी,
मावशी