तंबोऱ्याचं भाडं वेगळं

सामानाची यादी करायला आलेल्या माणसाने कपाट, फ्रिज, पलंग भराभर लिहिले आणि तंबोऱ्यापाशी तो थबकला. गवसणीवरून हात फिरवला, थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘मोठी गिटार – १ नग’. पेटी आधीच ‘लाकडी खोका’ होऊन बसली होती. मला हसू आलं. ते पुढे महागात पडलं.

डोंबिवली पूर्वेतलं दुसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं वन बीएचके ठाण्यात कोलशेतला हलवायचं होतं. तीन भाव काढले. नाक्यावरचा टेम्पो आणि चार हमाल ६,५०० रुपये, बांधाबांध आपली आपण. छोट्या कंपनीचे ९,०००, त्यात खोकी आणि बबल रॅप. मोठ्या कंपनीचे १३,०००, पण त्यावर १८ टक्के जीएसटी चढला की १५,३४०. फोनवर हा कर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारावा. दुसरा प्रश्न, हमाली दोन्हीकडची धरली आहे का? तिसरा, गाडी दारापर्यंत गेली नाही तर जादा किती? डोंबिवलीच्या जुन्या गल्ल्यांत ४०७ टेम्पो अडकतो आणि मग ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या दोन खेपांचा हिशेब निघतो. रविवार आणि महिनाअखेर टाळली तर घासाघीस करता येते. मधल्या वाराला आम्हाला छोट्या कंपनीने आठ हजारांत काम करून दिलं. नव्या सोसायटीने लिफ्टसाठी दोन हजार अनामत घेतली आणि रविवारी सामान चढवायचं नाही असंही बजावलं. हे आधी विचारून ठेवावं. टेम्पो खाली उभा असताना सेक्रेटरींना शोधण्यात अर्थ नाही.

आता वाद्यं. माझं स्पष्ट मत आहे की तंबोरा टेम्पोत चढवूच नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण खालचा भोपळा शेवटी भोपळाच. गादीचा कोपरा दाबला गेला तरी त्याला तडा जातो. आम्ही तो रिक्षाने नेला. पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, या दराने वीस किलोमीटरचे साडेतीनशेच्या आतच होतात. अर्थात डोंबिवलीत मीटर टाकायला सांगितलं की रिक्षावाले आपल्याकडे कसे बघतात ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही पाचशेवर तोडलं. भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्यावर तिरपी, अशी माझी बायको शीळफाट्याचे सगळे खड्डे सोसत गेली.

निघण्याआधी तारा दोनेक सूर उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत. घोडी तारांच्या ताणावरच उभी असते. ताण गेला की ती सरकते आणि जवारीची नवी कटकट मागे लागते. घोडीच्या कडेने पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली तर बरं.

तबला-डग्ग्याची चुंबळ काढून टाकू नका, खोक्यात तीच खाली ठेवा. पुडीवर जाड सुती कापड, वरून दुसरं काहीही नाही. पावसाळ्यात शाईला ओल लागू देऊ नये आणि मे महिन्यात बंद टेम्पोत दोन तास ठेवू नये. पेटीचा भाता मिटून खटका लावायचा, ती सरळ ठेवायची, आडवी नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवली तर आतले सूर गंजतात.

घरात उभा पियानो असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. ते दोन-तीनशे किलोचं धूड आहे. त्याला पियानो हलवणारीच माणसं बोलवावीत, आणि नव्या जागी दोन-तीन आठवडे मुरल्यावर ट्यूनिंग करून घ्यावं.

आमचा तंबोरा सुखरूप पोचला. पेटी टेम्पोत गेली, गाद्यांखाली. दोन पट्ट्या बसल्या, भात्याला चीर गेली. दुरुस्तीला १,८०० रुपये पडले. भरपाई मागितली तर कागद पुढे आला: लाकडी खोका, एक नग.

म्हणून यादीत नावानिशी लिहून घ्या, ‘हार्मोनियम, किंमत इतकी’. बिल्टीवर किंमत लिहिलेली असणं महत्त्वाचं, कारण २००७ च्या रस्ता माल वाहतूक कायद्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, तीही जाहीर किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त हवी असेल तर तसं आधीच नोंदवून जादा आकार भरावा लागतो. मालवाहतुकीच्या विम्याला मला जाहीर किमतीच्या तीन टक्के सांगितले होते. लाखाच्या वाद्यांना तीन हजार. विमा घेणार असाल तर वाद्यं त्यातून वगळली आहेत का ते वाचा.

सामान उतरवताना पावतीवर सही करण्याआधी पेटी वाजवून बघा, हमाल कितीही घाई करोत. बिघाड दिसला तर तो त्याच पावतीवर लिहा, फोटो काढा. या कायद्याखाली दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

मी १,८०० रुपयांसाठी गेलो नाही. यादीवर सही माझीच होती.