मार्कांपलीकडचं एक गणित

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)

चि. मृण्मयी,


परवा फोनवर म्हणालीस, ‘मामा, मला पाठांतर जमतं, स्वतःचं काही सुचत नाही. माझं डोकंच तसलं.’ डोक्याला दोष देण्याआधी एवढं सांग, तू गणितं सोडवतेस कशासाठी?

रॉबर्ट स्टर्नबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विचारांच्या शैलींना राज्यकारभाराची नावं दिली. कुणी कायदेमंडळासारखा स्वतः नियम करतो, कुणी प्रशासनासारखा ठरलेले नियम चोख राबवतो, कुणी न्यायाधीशासारखा पारखून घेतो. ही कुवत नव्हे, कल आहे. तो प्रसंगानुसार बदलतो, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, तो बदलणारा मोठा प्रसंग म्हणजे शिकण्यामागचा हेतू. नुसत्या मार्कांसाठी बसलं की मन विचारतं, रीत कोणती, मार्क कुठे कापतील? कुतूहलाने बसलं की तेच मन विचारतं, हीच रीत का?

तुझ्या नाशिकजवळ, देवळालीत, द. रा. कापरेकर शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, आमच्या जिल्ह्यातल्या डहाणूचा. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनाची नोकरी नाही. आकड्यांचं वेड मात्र भारी. चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढता क्रम वजा कर, उत्तराचं पुन्हा तेच कर; उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धर. फार तर सात वेळांत ६१७४ येतं आणि तिथेच अडतं. हे त्यांनी १९४९ मध्ये मांडलं. प्रश्न त्यांना कुणी घातला नव्हता, त्यांनी स्वतःच काढला होता.

म्हणून मार्क सोड, असं मी म्हणणार नाही. बारावी आणि सीईटीला ठरलेली रीत वेळेत वापरणारंच मन लागतं. फक्त रोज एक गणित सुटल्यावर वही मिटू नकोस. ते दुसऱ्या रीतीने सोडव, किंवा त्यातला एक आकडा बदलून काय बिघडतं ते बघ. आणि हे शाबासकीसाठी आईला दाखवू नकोस. १९७३ च्या एका अमेरिकी प्रयोगात चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस आधीच कबूल केलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली.

आजचं गणित मी देतो: कापरेकरांचा खेळ तीन अंकी संख्येवर खेळ. कुठे अडतं आणि का, ते तूच शोध.

तुझा,
मामा