ओतारी आणि कातारी
ॲल्युमिनियमचे सुटे भाग तयार करण्याच्या दोन रीती

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉकजवळ ऑर्व्हिल राइट यांनी बारा सेकंदांचे पहिले उड्डाण केले. त्या विमानास पुरेसे हलके एंजिन विकत मिळाले नव्हते. डेटन येथील राइट बंधूंच्या सायकलदुकानात चार्ल्स टेलर या कारागिराने ते घडविले. त्याच्या हाताशी मुख्यतः एक लेथ आणि एक ड्रिल यंत्र एवढीच सामग्री होती. या एंजिनाची क्रँक-पेटी, म्हणजे सर्व भागांना धरून ठेवणारे धड, ॲल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून तयार करण्यात आली. क्रँक-दंड मात्र टेलरने पोलादाच्या जाड लादीतून कोरून काढला. हव्या त्या आकाराच्या कडेने त्याने भोकांची रांग पाडली, मधला फालतू भाग ठोकून वेगळा केला आणि उरलेला तुकडा लेथवर कातला. तयार दंडाचे वजन सुमारे १९ पौंड भरले. लादीतील बाकीच्या पोलादाचा कीस आणि तुकडे झाले.

एकाच एंजिनात एक भाग ओतीव आणि दुसरा कातीव का असावा, या प्रश्नाच्या उत्तरातच या दोन रीतींचे मर्म आहे.

१. दोन रीतींचे तत्त्व

मराठीत ओतणाऱ्यास ओतारी आणि कातणाऱ्यास कातारी म्हणतात. ओतारी पोकळी आधी तयार करतो आणि तीत धातूचा रस भरतो. कातारी भरीव ठोकळा घेतो आणि नको असलेला अंश काढून टाकतो. पहिल्या रीतीस ओतकाम म्हणतात, दुसरीस यंत्रण किंवा कर्तन.

ओतकाम भारतात फार जुने आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेल्या वजनदार धातुमूर्ती ताम्रपाषाणयुगीन ओतीव काम मानल्या जातात. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या साहाय्याने मूर्ती ओतण्याची पद्धती वर्णिली आहे. ॲल्युमिनियम ही धातू मात्र या परंपरेत उशिरा आली. १८८६ मध्ये विद्युत्-विच्छेदनाची रीत सापडल्यावरच ती स्वस्त होऊ लागली.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर लोखंडास सुमारे १५३८ अंश लागतात. त्यामुळे कोळशाच्या लहान भट्टीतही ॲल्युमिनियमचा रस करता येतो, आणि घरगुती किंवा शालेय ओतकामासाठी तीच धातू प्रथम निवडली जाते.

२. फर्मा, साचा आणि रस

ओतकामाचा आरंभ फर्म्यापासून होतो. फर्मा म्हणजे हव्या त्या भागाची लाकडी प्रतिकृती. कारखान्यात तिला पॅटर्न म्हणतात. बारीक वाळूत शेकडा ५ ते १० भाग चिकणमाती व २ ते ५ भाग पाणी मिसळून ती दोन चौकटींत फर्म्याभोवती ठोकून बसवितात. चौकटी अलग करून फर्मा काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी उरते. फर्मा वाळू न मोडता निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना एक ते तीन अंशांचा उतार देतात.

फर्मा भागाच्या नेमक्या मापाचा असून चालत नाही. गोठलेले ॲल्युमिनियम थंड होताना लांबीत शेकडा सुमारे १.३ ने आखडते. म्हणून २०० मिलिमीटर लांबीच्या भागासाठी फर्मा सुमारे २०२.६ मिलिमीटर लांब करावा लागतो. ज्या पृष्ठभागांवर पुढे कर्तन व्हावयाचे आहे, तेथे आणखी दोन-तीन मिलिमीटर जादा धातू राखून ठेवतात.

रसासाठी कोणते भंगार घ्यावे यालाही महत्त्व आहे. सिलिकॉन मिसळलेले ॲल्युमिनियम साच्याच्या कानाकोपऱ्यांत सहज वाहते. सिलिकॉनचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास असता मिश्रधातू ५७७ अंशांच्या सुमारास वितळते. म्हणून जुने पिस्टन, गिअर-पेट्या यांसारखे मुळातच ओतलेले भाग पुन्हा ओतण्यास उत्तम. खिडक्यांच्या चौकटींची धातू नीट वाहत नाही आणि गोठताना तिला तडे जातात. पेयांचे पातळ डबे वितळविले तर त्यांच्या विस्तृत पृष्ठभागावर ऑक्साइड बनून बरीच धातू मळीत जाते.

मूस ग्रॅफाइट व मातीची असावी. वितळलेले ॲल्युमिनियम लोखंडास हळूहळू विरघळविते. लोखंडी भांडे त्यामुळे झिजते आणि रसात आलेले लोखंड ओतीव भागास ठिसूळ बनविते.

३. गोठताना काय घडते

ओतीव भागातील बहुतेक दोष रस गोठण्याच्या काळात उत्पन्न होतात.

पहिला दोष आकुंचनाचा. द्रवाचे घनात रूपांतर होताना ॲल्युमिनियमचे आकारमान शेकडा सहा ते सात इतके घटते. बारीक भाग आधी गोठतात, जाड भाग मागून. जाड भागास जादा रस मिळाला नाही तर तेथे आत पोकळी राहते. यावर उपाय म्हणून जाड भागाशेजारी रायझर, म्हणजे रसाचा जादा साठा, ठेवतात. रायझर सर्वांत शेवटी गोठला पाहिजे. तो आधीच गोठला तर त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा दोष वायूचा. ओल, तेल किंवा दमट हवा यांतील पाण्याशी तप्त रसाचा संबंध आला की हायड्रोजन वायू रसात विरतो. वितळबिंदूच्या तापमानास द्रव ॲल्युमिनियममध्ये घनाच्या जवळजवळ वीस पट हायड्रोजन सामावतो. गोठताना हा वायू बाहेर पडू पाहतो आणि भागात सुईच्या टोकासारखी छिद्रे होतात. रस गरजेपेक्षा अधिक तापविला किंवा भट्टीत फार वेळ ठेवला तर हा दोष बळावतो. ओतण्यास साधारणतः ७०० ते ७५० अंश पुरतात. दिवसाच्या उजेडात या तापमानाचा रस फारसा लाल दिसत नाही, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न विसंबता तापमापक वापरावा.

तिसरा दोष ऑक्साइडच्या पापुद्र्याचा. रसाच्या पृष्ठावर क्षणार्धात पातळ साय धरते. रस उंचावरून खळखळत ओतला तर ही साय दुमडून आत जाते, आणि घडी जेथे राहते तेथे भाग पुढे भेगाळतो. म्हणून रस शांतपणे, एका धारेने आणि मध्येच न थांबता ओतावा.

४. कर्तनाची रीत

कर्तनासाठी सामान्यतः घडीव मिश्रधातूची कांब किंवा जाड पाट वापरतात. ही धातू कारखान्यात लाटली किंवा दाबून काढली गेलेली असते. त्यामुळे आतील छिद्रे दबून जातात आणि तिचे बळ सर्वत्र सारखे व आधी माहीत असलेले असते.

ॲल्युमिनियम मऊ असल्याने वेगाने कातता येते. परंतु त्याचे कण हत्याराच्या धारेस चिकटून बसतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. धार अतिशय तीक्ष्ण ठेवणे व थोडे रॉकेल किंवा कर्तनतेल सोडणे हा त्यावरचा जुना उपाय आहे. साध्या लेथवरही कुशल कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या दोन-तीन भागांपर्यंत माप साधतो. वाळूच्या साच्यातून आलेल्या भागात मात्र अर्ध्या-एका मिलिमीटरचा फरक सहज पडतो. बेअरिंग बसण्याचे भोक अशा फरकाने तयार झाले तर बेअरिंग एक तर बसत नाही किंवा सैल खुळखुळते.

५. बळाची तुलना

शेकडा ७ सिलिकॉन व किंचित मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू वाळूत ओतून तशीच वापरली तर तिचे ताणबल प्रति चौरस मिलिमीटर सुमारे १३० ते १५० न्यूटन भरते. उष्णता-संस्कार केल्यास ते सुमारे २३० पर्यंत वाढते. मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेल्या आणि संस्कार केलेल्या एका प्रचलित घडीव मिश्रधातूचे ताणबल ३०० च्या आसपास असते. लवचिकतेतील अंतर याहून मोठे आहे: संस्कार न केलेला ओतीव तुकडा शेकडा दोन-तीन ताणताच तुटतो, तर घडीव तुकडा शेकडा दहा-बारा ताणला जातो. ओतीव भाग पूर्वसूचना न देता मोडतो, असे कारागीर म्हणतात ते यामुळेच.

ताठरपणात मात्र दोघांत जवळजवळ भेद नाही. सारख्या भाराखाली, सारख्या आकाराचे ओतीव आणि कातीव भाग सारखेच वाकतात. येथे ओतकामास एक सोय आहे. फर्म्यावर एक पट्टी चिकटविली की ओतीव भागास आधारकणा मिळतो. कातीव भागात तोच कणा ठेवावयाचा तर भोवतालची सगळी धातू कातून काढावी लागते.

६. एक हिशेब

एका बेअरिंग-धारकासाठी १२० × ८० × ६० मिलिमीटरचा ठोकळा घेतला, असे समजा. त्याचे आकारमान ५७६ घन सेंटिमीटर. ॲल्युमिनियमची घनता २.७ धरल्यास वजन सुमारे १,५५५ ग्रॅम होते. तयार भागाचे आकारमान १८० घन सेंटिमीटर, म्हणजे वजन ४८६ ग्रॅम असेल, तर १,०६९ ग्रॅम धातूचा कीस होतो. हे प्रमाण शेकडा जवळजवळ ६९ आहे.

हाच भाग ओतला तर कर्तनाची जादा धातू धरून सुमारे २२० आणि रायझर व रसवाहिनीसाठी सुमारे १५० घन सेंटिमीटर, असा एकूण ३७० घन सेंटिमीटर किंवा एक किलोग्रॅम रस लागतो. रायझर कापून पुन्हा मुशीत टाकता येतो. परंतु फर्मा करण्यास एक-दोन दिवस जातात. एकच भाग हवा असेल तर ठोकळा कातणेच सोयीचे. असे दहा भाग हवे असतील तर फर्म्याचे श्रम दहा ठिकाणी वाटले जातात आणि ओतकाम किफायतशीर ठरते.

७. धोके

ओतकामात सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. रसाखाली पाण्याचा थेंब अडकला तर ती वाफ रसास चोहोकडे उडविते. साच्याच्या वाळूतील अल्प ओल वाळूच्या छिद्रांतून निघून जाते. साचलेले पाणी किंवा ओला सांडसा मात्र घातक ठरतो. मुशीत टाकावयाचा प्रत्येक तुकडा आधी तापवून कोरडा करावा. काँक्रीटच्या जमिनीवर सांडलेला रस तीतील ओलीमुळे फुटून उडतो. म्हणून कोरड्या वाळूच्या थरावरच काम करावे. चेहऱ्यावर ढाल, पायांत चामडी बूट आणि अंगावर सुती कपडे असावेत. शाळेत हे काम जाणकार शिक्षकाच्या देखरेखीवाचून कधीही करू नये. मॅग्नेशियमचे भंगार चुकूनही मिसळू नये. ते पेट घेते, आणि त्यावर पाणी ओतल्यास आग भडकते.

८. निवड कशी करावी

१९८० च्या दशकात डेव्हिड जिंजरी या अमेरिकी कारागिराने कोळशाची भट्टी, भंगार ॲल्युमिनियम आणि हातहत्यारे यांच्या आधारे घरीच लेथ तयार करण्याची रीत पुस्तकांतून मांडली. त्यात लेथचे धड ओतीव ॲल्युमिनियमचे आहे. पण ज्या पट्टीवर सरक-भाग चालतो ती पोलादाची असून बारकाईने सपाट केलेली असते. आकार ओतकामाने मिळतो आणि माप कर्तनाने किंवा घासून साधले जाते.

राइट बंधूंच्या एंजिनातही हाच विवेक आढळतो. क्रँक-पेटी गुंतागुंतीच्या पोकळ आकाराची होती व हलकी असणे आवश्यक होते, म्हणून ती ओतली. क्रँक-दंडास दर फेऱ्याला उलटसुलट ताण सोसावा लागतो, म्हणून तो भरीव पोलादातून काढला. तरीही ओतीव पेटीने आपली मर्यादा दाखविलीच. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी चालू असता बेअरिंग अडकून पेटी फुटली आणि दुसरी ओतून आणावी लागली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, उड्डाण केलेल्या पेटीत सुमारे शेकडा ८ तांबे होते व साच्यात सावकाश थंड होताना तांब्याचे सूक्ष्म कण वेगळे होऊन धातू बळकट झाली होती. या बळकटीचा शोध जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना लागला तो १९०६ मध्ये. कारागिरांच्या हातून घडलेल्या गोष्टीचे कारण शास्त्रास मागाहून उमगले.

तात्पर्य, आकार गुंतागुंतीचा, संख्या अधिक आणि भार बेताचा असेल तेथे ओतावे. माप काटेकोर, संख्या थोडी आणि तुटल्यास जीवावर बेतणारे काम असेल तेथे घडीव धातूतून कातावे. बहुसंख्य यंत्रभागांत मात्र दोघांचेही काम असते. ओतारी जेथे थांबतो, तेथून कातारी पुढे जातो.

अभ्यासासाठी

१. ३५० मिलिमीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या भागासाठी फर्म्याची लांबी किती ठेवावी?

२. सायकलीच्या हँडलचा पकड-भाग आणि पाण्याच्या पंपाचे झाकण यांपैकी कोणता भाग ओतावा व कोणता कातावा? कारणे द्या.

३. रायझर भागापेक्षा आधी गोठला तर पोकळी कोठे आढळेल? आकृती काढून स्पष्ट करा.