सईला बोर्ड तू शिकवू नकोस

साप्पोरो

चि. ओंकार,


तू पाठवलेला सहलीचा तक्ता सावकाश वाचला. निसेकोत सहा दिवस आणि साप्पोरोत अर्धा दिवस, तोही परतीचं विमान संध्याकाळचं आहे म्हणून. म्युनिकला शिकत असताना तू स्नोबोर्डिंगला लागलास आणि होक्काइदोचा बर्फ तेव्हापासून तुझ्या डोक्यात आहे. ती ओढ मला समजते. इथे राहणाऱ्या माणसाला ती न समजून कसं चालेल? पण त्या तक्त्यात मी सईला शोधत होते. ‘सई : बेसिक्स, मी शिकवेन’ एवढ्या एका ओळीत तिचे सहा दिवस तू उरकले आहेस. तिने आजवर बर्फ पाहिलेला नाही, आणि लग्नानंतरची ही तुमची पहिली मोठी सहल. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट, तिला बोर्ड तू शिकवू नकोस. तू वाईट शिकवशील असं मला म्हणायचं नाही. पण पहिल्या दिवशी बोर्डवर काय होतं ते आठव. दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, त्यामुळे तोल गेला तर पाऊल टाकून सावरायची सोय नाही. टाचेकडची कड सोडून बोटांकडच्या कडेवर जायचं, तेवढ्यात उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस काही कळायच्या आत आपटतो. मनगट आणि माकडहाड यांनाच पहिला मार बसतो. दिवसभर पडायचं आणि उठायचं, पुन्हा पडायचं. अशा वेळी शेजारी असा माणूस हवा की ज्याला दुसरीकडे कुठेही जायचं नाही. रात्री हातभर ताजा बर्फ पडलेला असताना तुझं निम्मं लक्ष वरच्या उतारांवर असणार, आणि ते तिला दिसणार. मग ती तुझ्यासाठी घाई करेल, किंवा ‘तू जा, मी बसते’ म्हणेल. दोन्हीतून संध्याकाळी जेवताना अबोला येतो. इथे आलेली कितीतरी जोडपी मी अशी पाहिली आहेत. निसेकोतल्या हिराफूच्या पायथ्याशी इंग्रजीत शिकवणारे भरपूर प्रशिक्षक आहेत. निदान दोन दिवस तिच्यासाठी एक ठरवून टाक. पैसे जातील, पण तुझ्या तक्त्यातली याहून योग्य रक्कम मला दुसरी दिसत नाही. मनगटाचे आणि कमरेखालचे संरक्षक पॅड तिच्यासाठी घेच, आणि पडताना पंजे पसरायचे नाहीत, मुठी मिटून हात छातीशी घ्यायचे, हे घरी गादीवर तिच्याकडून करवून घे. एवढं मात्र तू शिकव.

तिला बोर्डच हवा आहे का, हे विचारलं आहेस का? पहिले दोन दिवस स्की सोपे जातात. पाय सुटे असतात, तोंड समोर असतं. पुढे दोन्हीही कठीणच, पण चार दिवसांच्या पाहुण्याला पुढचं काय करायचं? आणि तिसऱ्या दिवशी ‘मला आता पुरे’ म्हणायची मोकळीक तिला आधीपासून हवी. ती मोकळीक तक्त्यातच असली पाहिजे, ऐनवेळी तिने मागायची वेळ येऊ नये. म्हणून साप्पोरोला अर्ध्या दिवसातून बाहेर काढ.

माझ्या मते सहल जरा वाढवून रात्री अशा वाटाव्यात : आधी दोन साप्पोरोत, मग चार निसेकोत, शेवटी तीन पुन्हा साप्पोरोत. सुरुवातीच्या मुक्कामात सईची बर्फाशी ओळख होईल. बर्फावर चालायचं कसं हे पहिल्या दिवशी शिकावंच लागतं. पावलं आखूड, पूर्ण तळवा टेकवायचा, खिशातले हात बाहेर. दुकानांत बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते आल्याबरोबर घ्या. दुसऱ्या दिवशी तेइनेला जा. साप्पोरो स्टेशनपासून लोकल गाडी आणि पुढे बस, शहरातच मोडणारा डोंगर. 1972 च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्लॅलमच्या शर्यती तिथेच झाल्या. ते आशियातलं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक. वरच्या भागात तुला हवे तसे कडक उतार आहेत, खालचा ऑलिंपिया भाग नवशिक्यांना बरा, आणि आभाळ स्वच्छ असेल तर इशिकारीचा उपसागर समोर दिसतो. बर्फात उभं राहून समुद्र बघताना सईचा चेहरा कसा होतो ते मला पाहायचं आहे.

शेवटचे दिवस शहरात ठेवण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. निसेको इथून शंभरेक किलोमीटर, बसने अडीच-तीन तास. वादळ आलं की रस्ता बंद होतो आणि शिन-चितोसे विमानतळावरची विमानंही रद्द होतात. डोंगरावरून थेट विमानतळ गाठायचा बेत इथलं कोणीही शहाणं माणूस करत नाही. गाडी भाड्याने घेण्याचा विचार सोडून दे. आंतरराष्ट्रीय परवाना तुला मिळेल, पण डांबरावरचा काचेसारखा बर्फ डोळ्यांना दिसत नाही, आणि वाऱ्याने उडालेल्या बर्फात पुढच्या गाडीचे दिवेही नाहीसे होतात.

आता महिना. हा बर्फ कुठून येतो हे तुला ठाऊक असेलच : सायबेरियातून निघालेले कोरडे, गोठलेले वारे जपानच्या समुद्रावरून येताना खालच्या उबदार प्रवाहाची वाफ उचलतात आणि किनाऱ्यालगतचे पहिले डोंगर लागले की ती टाकून देतात. निसेकोचे डोंगर या पहिल्या रांगेतले. चांगल्या हंगामात तिथे पंधरा मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि थंडीमुळे तो इतका हलका असतो की मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे जानेवारीत सूर्य फारसा दिसत नाही. आभाळ आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होते, उंचसखल कळत नाही, साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो. समोरचा 1,898 मीटरचा योतेई डोंगर दिवसेंदिवस दर्शन देत नाही. तुझ्यासाठी तो स्वर्ग, पण जिला अजून उभंच राहायचं आहे तिच्यासाठी नव्हे. शिवाय फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साप्पोरोचा हिमोत्सव असतो, आणि 2027 मध्ये चिनी नववर्षही 6 फेब्रुवारीलाच आहे. त्या दिवसांत हॉटेलांचे दर ऐकवत नाहीत. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचे पहिले दहा दिवस मला तुमच्यासाठी सगळ्यांत योग्य वाटतात. ताज्या बर्फाचे एक-दोन दिवस तुला तरीही मिळतील, दिवस मोठा झालेला असेल, ऊन पडेल, आणि प्रशिक्षकही सहज मिळतील.

हिमोत्सव हुकेल याचं मला वाईट वाटतं, कारण त्याची सुरुवात फार सुंदर आहे. 1950 साली इथल्या शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, त्यातून हे सगळं उभं राहिलं. पण पहिल्या खेपेला गर्दीपेक्षा शहर पाहावं.

यापुढचं फक्त तुझ्यासाठी आहे, आणि ते मी अगदी निक्षून लिहिते. निसेकोत चार स्की क्षेत्रं एकाच डोंगराच्या अंगावर आहेत आणि वरच्या मोकळ्या उतारांवर जायला ठरावीक दरवाजे आहेत. हिमस्खलनाचा अंदाज बघून रोज सकाळी ते उघडायचे की नाही ते ठरतं. दरवाजा बंद तर बंद. दोरीखालून जायचं नाही, मग पलीकडे कोणाच्या बोर्डाच्या रेघा दिसत असल्या तरीही. हद्दीबाहेर अडकलास तर शोधाचा खर्च तुझ्याकडून वसूल होतो, पण मला त्या पैशांची काळजी नाही. दरवाजा उघडा असला तरी वाटाड्या, शोधयंत्र, फावडं आणि काठी यांशिवाय पलीकडे पाऊल टाकू नकोस. झाडांमधून जायची हौस तुला आहे हे तुझ्या फोटोंवरून दिसतंच. इथे झाडांच्या बुंध्यांभोवती, फांद्यांच्या आडोशाने, बर्फ पोकळ राहतो. त्यात डोकं खाली जाऊन पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, आणि सोबत कोणी नसेल तर वरून काही कळतही नाही. एकट्याने झाडांत जायचं नाही. शिटी जॅकेटच्या गळ्याशी बांधलेली हवी. सई खाली शिकत असताना तू वर कुठे आहेस आणि किती वाजता परतणार, हे तिला रोज सांगून निघायचं. प्रवासविमा घेताना हिवाळी खेळ त्यात आहेत का आणि हद्दीबाहेरच्या उतारांचं काय लिहिलं आहे, ते पॉलिसी उघडून वाच. पुष्कळ पॉलिसींत हे दोन्ही वगळलेलं असतं.

आता शहराकडे येते. वीसेक लाख वस्तीच्या या शहरावर दर हिवाळ्यात पावणेपाच-पाच मीटर बर्फ पडतो, आणि तरी शाळा, गाड्या, कचरा उचलणं, सगळं चालू असतं. सई वास्तुविशारद आहे. तिला हे पाहण्यातच एक दिवस पुरणार नाही. छपरांचे उतार, जिन्यांवरची आच्छादनं, साप्पोरो स्टेशनपासून ओदोरीपर्यंत जमिनीखालून जाणारा रुंद रस्ता, कोपऱ्याकोपऱ्यावर घसरड्या वाटेसाठी ठेवलेल्या वाळूच्या पेट्या. रस्ते काटकोनात आखलेले असल्यामुळे ‘उत्तर 3, पश्चिम 4’ असा पत्ता वाचून ती एकटीही कुठेही पोचेल. आणि तिने एकटीने जावंच असं एक ठिकाण म्हणजे मोएरेनुमा बाग. शिल्पकार इसामु नोगुची यांनी 1988 मध्ये कचरा टाकायच्या जागेवर या बागेचा आराखडा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ते गेले. बाग 2005 साली पूर्ण झाली. तिथे काचेचा पिरॅमिड आहे, हिवाळ्यातला बर्फ साठवून उन्हाळ्यात तो त्यानेच थंड ठेवतात. बागेत बर्फ साचला की नोगुचींच्या टेकड्यांचे आकार आणखी स्पष्ट होतात. त्या दिवशी तू खुशाल बसने कोकुसाई या स्की क्षेत्राच्या उतारांवर जा. दिवसभर कोणी कोणासाठी थांबायचं नाही, संध्याकाळी सांगायला दोघांकडे वेगळं काही असेल.

ओकुरायामाला मात्र दोघं मिळून जा. स्की उडीचा तो मनोरा शहराच्या अगदी डोक्यावर आहे. खुर्चीच्या पाळण्यातून वर गेलात की उडी घेणाऱ्याला जे दिसतं तेच दिसतं : पायाखाली उतार आणि त्याच्या टोकाला सगळं साप्पोरो. शेजारच्या मियानोमोरीच्या उतारावर 1972 मध्ये जपानने तिन्ही पदकं घेतली. इथली म्हातारी माणसं ती दुपार अजून सांगतात. घड्याळाचा मनोरा 1878 चा, रस्त्यावरूनच पाहा. जवळच्या ओतारु शहराला अर्धा दिवस द्या.

खाण्याचं आधीच सांगते, कारण सई मांसमच्छी खात नाही. इथल्या आमटीवजा बहुतेक पदार्थांच्या बुडाशी माशाचा नाहीतर डुकराच्या हाडांचा रस्सा असतो, वरून दिसत नाही. सूप करी हा साप्पोरोचा स्वतःचा पदार्थ, भाज्या मोठाल्या आणि मसाला आपल्या जिभेला मानवणारा, पण त्याच्याही रश्श्याची आधी चौकशी करावी लागते. निसेकोत स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि कुचान गावातून सामान आणा. रोज चांगलं जेवायला बाहेर जायचं, असं सहलीत वाटतं खरं. पण दिवसभर बर्फात पडून आलेल्या माणसाला गरम वरणभात आणि लोणचं मिळालं की दुसऱ्या दिवशीचं बळ येतं. साप्पोरोत आमच्याकडे एक संध्याकाळ जेवायला या, पुरणपोळी करेन. उतरायला मात्र स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरा. आमचं घर तुमचंच आहे, पण नव्या सुनेने सहलीत आतेसासूच्या वेळा सांभाळाव्यात असं मला वाटत नाही.

गरम झऱ्यांची स्नानगृहं बायकापुरुषांची वेगळी असतात आणि आत अंगावर काहीही न घालता जायचं असतं. सईला संकोच वाटेल, ते स्वाभाविक आहे. तुझ्या दंडावरच्या टॅटूमुळे तुलाही काही ठिकाणी अडवतील. तासाच्या भाड्याने मिळणारं खासगी स्नानगृह पुष्कळ ठिकाणी असतं, खोली ठरवतानाच विचारून घ्या. बाहेर बर्फ पडत असताना दोघांनी तिथे निवांत बसणं, हेही तक्त्यात लिही.

व्हिसाचं आताच सुरू कर. बोर्ड आणि मोठ्या बॅगा विमानतळावरून थेट हॉटेलवर पाठवणारी कुरियर सेवा इथे उत्तम आहे, ती वापर आणि एका रात्रीचं सामान पाठीवर ठेव.

तिकिटं काढण्याआधी एक कर. तुझा तक्ता सईला दाखवू नकोस. कोरा कागद दे आणि नऊ रात्रींच्या या सहलीत तिला काय काय करायचं आहे ते लिहायला सांग. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून मला फोन करा, दोघंही. आणि तिच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कळव. इथे बुटांची मापं तशीच असतात, बर्फात चालायचे बूट मी आधीच घेऊन ठेवते.

तुझी,
आत्या